प्रतिकृतीवरची काजळी

वाफेच्या इंजिनाची लहान प्रतिकृती करणे हा पोरखेळ आहे, अशी समजूत आपल्याकडे अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. आणि त्या प्रतिकृतीवर मुद्दाम काजळी, राख, तेलाचे ओघळ व गंज रंगवीत बसणे हा तर पोरखेळाच्याही पलीकडचा रिकामपणा, असे कित्येकांना वाटेल. नवी कोरी वस्तू करावयाची आणि मग ती मळवावयाची, हा उद्योग सकृद्दर्शनी चमत्कारिक दिसतो खरा. परंतु आमच्या मते या कलेचा गाभा तेथेच आहे. इंजिनावरचा प्रत्येक डाग कोणत्या ना कोणत्या कामाने पडलेला असतो. ते काम ज्याला ठाऊक नाही त्याला डागाची जागा सापडत नाही. आणि ज्याने जागा बरोबर दाखविली, त्याने ते कामच जपून ठेवले असे होते.

चिंचणीसारख्या समुद्रकाठच्या गावी हा विषय काढण्याचे कारणही सांगितले पाहिजे. चिंचणीला स्वतःचे स्टेशन नाही. गावाची आगगाडी म्हणजे वाणगावची. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग गुजरातेतून खाली सरकत १८६४ साली मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. तेव्हापासून १९७० च्या दशकात विरारच्या उत्तरेस विजेच्या तारा येईपर्यंत, म्हणजे शंभरांहून अधिक वर्षे, या पट्टीने वाफेचे इंजिन पाहिले. मध्यंतरी, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, त्या कंपनीच्या रेल्वेचे नाव पश्चिम रेल्वे झाले. धूर मात्र तोच राहिला. देशातील ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित वाहतूक डिसेंबर १९९५ मध्ये थांबली. हिशेब सोपा आहे. वाणगावच्या फलाटावर ज्यांनी विशीत ते इंजिन पाहिले, ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत.

कोणी म्हणेल, संग्रहालये आहेत की! आहेत, आणि चांगली आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात नाना मापांची इंजिने उभी आहेत. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजची आहेत. नेरळला माथेरानचे इंजिन पाहावयास मिळते. परंतु संग्रहालयातले इंजिन थंड असते. त्याची राख काढून टाकलेली, दांडे रंगवून टाकलेले, आणि दर काही वर्षांनी वरून तेलरंगाचा आणखी एक हात. चालत्या इंजिनाचे दांडे कोणी रंगवीत नसे; ते उघड्या पोलादाचे आणि तेलाने माखलेले असत. देखभाल करणाऱ्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही, लोखंड टिकवावयाचे तर रंग लावलाच पाहिजे. मात्र अशा इंजिनाकडे पाहून ते कसे राबत होते हे कळत नाही. हाताएवढ्या प्रतिकृतीला ती अडचण नाही. तिला पाऊस लागत नाही, म्हणून तिच्यावर खऱ्या कामाचा मळ ठेवता येतो.

ही दृष्टी परदेशातही फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांनी ‘मॅडर व्हॅली’ नावाची छोटी रेल्वे उभारताना इंजिनांना व इमारतींना झिजलेले, वापरलेले रूप दिले. ती आता तिकडच्या पेंडन संग्रहालयात आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन ॲलन यांनी मळ व जुनेपणा रंगविण्याचे जणू शास्त्रच केले. १९७३ च्या जानेवारीत ते वारले आणि थोड्याच दिवसांत त्यांची रेल्वे आगीत जळून गेली. या गृहस्थांनी आपल्या रेल्वेत डबे हलविण्यासाठी इंजिनाऐवजी एक प्राचीन काळचा महाकाय सरडाही ठेवला होता! तेव्हा या मंडळींत गंभीरपणाबरोबर थट्टाही होती, हे ध्यानी असावे. आपल्याकडे पुण्यास कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांच्या ध्यासातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे. चिंचणीहून सुटीत मुले पुण्यास गेली तर शनिवारवाड्याबरोबर तेही त्यांना दाखवावे.

आता तपशिलाकडे वळू. या छंदात सर्वांत रूढ प्रमाण ‘एचओ’, म्हणजे १ : ८७. त्याच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते, कारण युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून ते बेतले आहे. आपला ब्रॉडगेज मार्ग १,६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले तर १९.३ मिलिमीटर येतात. म्हणजे तयार मिळणाऱ्या रुळांवर आपले इंजिन ठेवले की ते जवळजवळ तीन मिलिमीटरने अरुंद पायावर उभे राहते, आणि समोरून पाहिल्यास थोडे पाय जुळवून उभे राहिलेल्या माणसासारखे दिसते. कोणी ही तडजोड पत्करतात, कोणी रूळ स्वतः घालतात. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे. पण ज्याला एकाच इंजिनाची प्रतिकृती करून काचेच्या पेटीत ठेवावयाची आहे त्याने तर तडजोड करूच नये, रुळाचा वीतभर तुकडा घालणे मुळीच अवघड नाही.

१ : ८७ म्हणजे किती लहान, याचा अंदाज असा. साडेपाच फुटांचा माणूस १९ मिलिमीटरचा होतो. १९४७ पासून आपल्या मार्गांवर आलेल्या, पुढे बंदुकीच्या गोळीसारखे नाक असलेल्या ‘डब्ल्यूपी’ जातीच्या इंजिनाचे मोठे चाक १,७०५ मिलिमीटर व्यासाचे. ते प्रतिकृतीत साडेएकोणीस मिलिमीटर भरते, म्हणजे माणसाच्या डोक्याच्याही किंचित वर. पत्र्यावरच्या रिव्हेटचे डोके जेमतेम अर्धा मिलिमीटर. ड्रायव्हरने वर चढताना धरावयाचा दांडा एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. हा दांडा साच्यातच पत्र्याला चिकटून ओतलेला असेल, तर कितीही रंगवा, तो दांडा वाटत नाही. त्याच्यामागे सावली पडत नाही ना! म्हणून पहिले काम म्हणजे असे ओतीव दांडे कानशीने काढून टाकणे आणि त्या जागी बारीक पितळी तार, थोडे अंतर ठेवून, बसवणे. हीच गोष्ट नळांची, दिव्याच्या आकड्यांची, बफरांमधल्या साखळीची आणि पुढे लोंबणाऱ्या व्हॅक्यूम ब्रेकच्या जाड रबरी नळीची.

रिव्हेटच्या बाबतीत चिंचणीकरांना कोणाकडे शिकावयास जाण्याचे कारण नाही. दागिन्यांसाठी पोलादी डाय कोरणारे कारागीर या गावात आणि आसपासच्या गावांत आहेत. पोलादात उलटी नक्षी कोरून तीवर सोन्या-चांदीचा पत्रा दाबून उठवणाऱ्या हाताला, पितळेच्या पातळ पत्र्यावर मागून टोकदार पोगराने अर्ध्या मिलिमीटरचे ठिपके एका ओळीत उठवणे म्हणजे डाव्या हातचा मळ. पत्र्याखाली शिशाचा पाट घ्यावा, ओळ आधी आखून घ्यावी, आणि प्रत्येक ठोका सारख्या जोराचा पडावा. एक ठिपका जरी उंच राहिला तरी रंगाखाली तो पहिल्यांदा डोळ्यांत भरतो. आजकाल संगणकावर आकृती काढून यंत्राने थरावर थर देत सुटे भाग छापून घेता येतात, आणि आपल्या इंजिनांचे तयार नमुने बाजारात दुर्मिळ असल्यामुळे त्याचा उपयोगही मोठा आहे. तरीही पत्र्यावर उठवलेल्या रिव्हेटची धार त्या छपाईत सहसा येत नाही, असे आमचे मत आहे.

परंतु रिव्हेट कोठे दाखवावयाचे? नवखा माणूस हौसेने बॉयलरच्या पोटावरही ओळीच्या ओळी उठवतो. बॉयलरवर उष्णता राखणाऱ्या पदार्थाचे जाड आवरण असते आणि त्यावर पातळ पत्र्याचा अंगरखा चढवून तो पट्ट्यांनी आवळलेला असतो. बॉयलरचे रिव्हेट त्या अंगरख्याच्या आत राहतात. बाहेर दिसतात त्या फक्त पट्ट्या. धुराड्याखालच्या धूरपेटीला मात्र असे आवरण नसते. तिचा पत्रा उघडा, म्हणून तिचे रिव्हेट उघडे. आणि म्हणूनच तिचा रंगही वेगळा, कारण तो सतत भाजत असतो.

येथून मळाचा विषय सुरू होतो. भट्टीतला अर्धवट जळलेला कोळशाचा कण नळ्यांतून ओढला जाऊन धूरपेटीच्या तळाशी साचतो. तो ढीग तापलेलाच असतो. म्हणून धूरपेटीच्या दाराचा खालचा भाग करपतो, तेथला काळा रंग उडून राखाडी-तपकिरी पत्रा दिसू लागतो. फेरी संपल्यावर दार उघडून ती राख फावड्याने ओढून काढीत. ती खाली पुढच्या पाटावर आणि बफरांच्या आडव्या तुळईवर सांडे. म्हणून इंजिनाच्या पुढच्या पाटावर करडी राख दाखवावी, बाजूच्या पाटावर नव्हे. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळ असल्यामुळे इंग्रजी इंजिनाची छायाचित्रे पाहून आपले इंजिन रंगविल्यास राख हटकून कमी पडते. ‘डब्ल्यूपी’चे दार त्या गोळीच्या नाकाआड असते, तेव्हा तेथे करपलेला अर्धचंद्र दाखवू नये, तो मालगाडीच्या ‘डब्ल्यूजी’वर शोभतो.

पांढरे ओघळ हे पाण्याचे काम. पाण्यात क्षार असतात. वाफ उडून जाते, क्षार मागे उरतात. बॉयलरच्या माथ्यावरच्या सुरक्षा झडपांच्या भोवती, भट्टीच्या बाजूला बॉयलर धुण्यासाठी ठेवलेल्या झाकणांखाली आणि टेंडरच्या पाणी भरण्याच्या तोंडापासून खाली असे चुनकट ओघळ येतात. ते वरून खाली सुईसारखे निमुळते होत जातात. सिलिंडरच्या खालच्या तोट्यांपाशी उलट प्रकार. इंजिन निघताना तेथून वाफ जोराने फुसांडते, म्हणून त्या जागेचा मळ धुऊन निघतो आणि आसपासच्या मळकट भागात एक स्वच्छ डाग राहतो. मळ कोठे नाही हे दाखविणे मळ दाखविण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ड्रायव्हर आणि त्याचे दोन फायरमन दिवसातून कित्येक वेळा चढउतर करीत. त्यांच्या बुटांनी पायरीची कड पांढरी चमके आणि त्यांच्या तळहातांनी चढण्याचा दांडा लख्ख राही. रुळाला टेकणारी चाकाची पट्टी नेहमी उजळ असते. तेथे रंगाचा थेंब राहिला तर इंजिन कधी चाललेलेच नाही असे ते सांगते.

चाकांच्या आरांवर आणि खालच्या सांगाड्यावर जो तांबूस तपकिरी थर दिसतो त्याला पुष्कळ जण गंज समजतात. तो बहुतांशी ब्रेकचा भुगा. ओतीव लोखंडाचे ठोकळे चाकांवर घासून त्यांची बारीक पूड उडते, ती तेलावर बसते आणि तांबारते. खरा गंज चालत्या इंजिनावर बेताचाच असतो. गरम पत्र्यावर ओल टिकत नाही, सांध्यांवर तेल असते आणि दांडे रोज पुसले जातात. आम्ही किनाऱ्यावरच्या लोकांनी तर येथे विशेष सावध राहिले पाहिजे. खिडकीचे गज, होडीचे खिळे, सायकलची साखळी, सर्व काही खाऱ्या वाऱ्याने खाल्लेले पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय. त्यामुळे हात आपोआप तांबड्या रंगाकडे जातो. गंज दाखवावयाचा तो टेंडरच्या कोळशाच्या कप्प्यात, जेथे ओला कोळसा पत्रा खातो. पाणी झिरपणाऱ्या कडेला. आणि फार तर खरचटलेल्या बफरावर. सबंध इंजिन गंजलेले दाखविले तर ते भंगाराच्या रांगेत उभे आहे असा त्याचा अर्थ होतो. तसे इंजिन दाखवावयास हरकत नाही, पण मग धुराड्यातून धूर काढू नये!

म्हणून रंगाची डबी उघडण्यापूर्वी इंजिन कोणते, फेरी कोणती आणि ऋतू कोणता, हे ठरवून घ्यावे. मेल गाडीचे इंजिन शेडच्या अभिमानाचा विषय असे. त्याची पितळ घासलेली, नाकावर तारा रंगविलेला. मालगाडीच्या इंजिनाला तो मान क्वचितच मिळे. मे महिन्यात वाळलेली धूळ सांगाड्यावर वरपर्यंत चढते; श्रावणात तीच चाकांच्या उंचीला चिखलाचे शिंतोडे होऊन बसते आणि वरचा पत्रा धुऊन निघतो. माथेरानच्या गाडीचे उदाहरण घ्या. १९०७ साली सुरू झालेल्या त्या दोन फुटी मार्गावर ओरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कारखान्याची चार लहान इंजिने होती. तीव्र वळणांसाठी त्यांचे कडेचे आस बाजूला सरकत. तो डोंगर जांभ्या दगडाचा, त्याची धूळ लाल. तेव्हा वाणगावच्या इंजिनाची धूळ आणि माथेरानच्या इंजिनाची धूळ एकाच डबीतून निघता कामा नये. आणि दसऱ्याच्या सुमाराचे इंजिन दाखविणार असाल, तर पूजेच्या कुंकवाची बोटे आणि वाळलेल्या झेंडूचा एखादा ठिपका विसरू नका. तोही मळच, फक्त मानाचा.

साहित्य फार लागत नाही. मूळ रंग शुद्ध काळा कधीही घेऊ नये. लहान वस्तूवर निखळ काळा रंग भोकासारखा दिसतो आणि सर्व तपशील गिळून टाकतो. त्यात थोडा करडा व चिमूटभर तपकिरी मिसळावा. तो पक्का वाळल्यावर त्याच जातीच्या नव्हे, अशा पातळकात अगदी पाण्यासारखा केलेला गडद रंग सर्वत्र फिरवावा. तो खाचांत उतरून थांबतो. वरचा जादा रंग कोरड्या कुंचल्याने पुसून घ्यावा, आणि उभ्या पत्र्यावर पुसताना हात वरून खालीच यावा, कारण पाऊस व तेल आडवे वाहत नाहीत. मग पूड. लाकडी कोळशाची वस्त्रगाळ पूड काजळीला उत्तम. काव, हिरमुजी आणि पिवडी ही आपल्या घरातली जुनी नावे. धूळ, ब्रेकचा भुगा आणि ताजा गंज यांना त्यांच्यापेक्षा सरस रंग परदेशी डब्यांत मिळत नाहीत. मऊ कुंचल्याने पूड चोळावी आणि वरून बिनचकाकीच्या वार्निशचा हलका फवारा द्यावा. फवाऱ्याने पुडीचा रंग दबतो, म्हणून आधी थोडी अधिक घ्यावी. दांडे, सांधे आणि चाकांचे मध्य यांवर शेवटी चकाकीचे वार्निश काळ्या-तपकिरीत मिसळून सुईच्या टोकाने लावावे. काजळी निस्तेज आणि तेल चकचकीत, हा फरक डोळ्याला रंगापेक्षाही लवकर कळतो.

टेंडरमध्ये खरा कोळसाच कुटून, चाळून घालावा. दोन मिलिमीटरचा खडा म्हणजे खऱ्यातला सतरा सेंटिमीटरचा ढेकळा, तेव्हा त्याहून मोठा नको. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये साबणाचा थेंब टाकला की ते खड्यांत नीट झिरपते. चुलीची राख मात्र वापरू नये. लाकडाच्या राखेत ओल ओढणारे क्षार असतात आणि पावसाळ्यात ती चिघळते. तसेच किनाऱ्यावरची वाळू हाताशी आहे म्हणून रुळांखाली पसरू नये. तिचे मीठ धुऊन निघाले असे वाटले तरी पुरते निघत नाही.

छायाचित्रांचा आधार घ्यावा, पण तो अपुरा आहे. जुनी छायाचित्रे बहुतेक काळी-पांढरी, आणि बहुतेक पुढून घेतलेली. टेंडरची पाठ, छपराचा माथा, ड्रायव्हरच्या बसण्याच्या जागेखालचा भाग कोणी टिपून ठेवला नाही. हे सर्व पाहिलेली माणसे ज्या घरांत आहेत तेथे जावे. ‘इंजिन कसे होते?’ असे विचारून उपयोग नाही. ‘मोठे होते, बाबा’ एवढेच उत्तर येईल. पुलावरून खाली पाहताना छप्पर कोणत्या रंगाचे दिसे, पाणी भरताना कोठून सांडे, फायरमनकाका चिंधी कोठे अडकवून ठेवीत, गाडी निघताना फलाटावरच्या माणसांचे कपडे कोणत्या बाजूने भिजत, असे बारीक विचारावे. आजोबा डोळे मिटून हाताने जागा दाखवतात, ती जागा त्याच दिवशी कागदावर आखून घ्यावी.

आता राहिली प्रतिकृती टिकविण्याची गोष्ट. चिंचणीच्या हवेत पोलादी तारेचा दांडा एका पावसाळ्यात खरोखरच गंजतो, आणि तो गंज प्रमाणात नसतो. त्याचे पापुद्रे रंग फोडून वर येतात. म्हणून तारा पितळेच्या घ्याव्यात, झाळल्यावर आम्ल लिंबूपाण्याने नव्हे तर सोड्याच्या पाण्याने मारून स्वच्छ धुवावे आणि रंगापूर्वी अस्तराचा हात द्यावा. पेटी काचेची, सांधे बंद. आत कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी, आणि मृगापासून दिवाळीपर्यंत महिन्यातून एकदा ती बाहेर काढून, तव्यावर मंद आंचेने तापवून, गार झाल्यावर पुन्हा आत ठेवावी.